दोन घरचा पाहुणा : संगणकांतील दुहेरी ग्राफिक्स व त्यांतील बिघाड

'दोन घरचा पाहुणा उपाशी' अशी एक जुनी म्हण मराठींत आहे. पहिल्या घरचे लोक समजतात, तो दुसरीकडे जेवून येईल. दुसऱ्या घरचे समजतात, तो पहिल्याकडेच जेवला असेल. आणि पाहुणा बिचारा रिकाम्या पोटीं ओसरीवर बसून राहतो. अलीकडील पुष्कळशा डेस्कटॉप संगणकांच्या मॉनिटरची अवस्था हुबेहुब अशीच होते. पेटीमध्यें चित्र तयार करणारीं साधनें एक सोडून दोन असतात, आणि तरीहि पडदा काळा तो काळाच. मग यंत्र मेलें असें समजून तें दुरुस्तीस धाडलें जातें, नवें कार्ड विकत घेतलें जातें, आणि पुष्कळदां शेवटीं असें उघडकीस येतें कीं, बिघाड असा कांहीं नव्हताच. केबल तेवढी भलत्या तोंडांत खोंचलेली होती.

शहरांत अशी चूक थोडक्यांत निभावते, कारण दुरुस्तीचें दुकान दोन गल्ल्यांवर असतें. परंतु चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवतीची गोष्ट निराळी आहे. माणिकगडच्या पहाडावर, तेलंगणाच्या सीमेला लागून वसलेलें हें तालुक्याचें गांव. भोंवतालीं गोंड व कोलाम वस्तीचीं खेडीं, कापसाचीं व तुरीचीं शेतें आणि रान. येथून संगणकाची पेटी दुरुस्तीस न्यावयाची म्हणजे पहाड उतरून गडचांदूर गांठावें लागतें. तेथें काम न झालें तर राजुऱ्यावरून थेट चंद्रपूर. तोंवर सातबाऱ्याचा उतारा, जातीचा दाखला, पीकविम्याचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज खोळंबून राहतो; आणि अर्जाची शेवटची तारीख कोणासाठीं थांबत नाहीं.

या प्रश्नाशीं शहरांतील कुटुंबांचाहि संबंध पोहोंचतो. घरांत नवा संगणक आला म्हणजे जुना कोणा नातलगास अथवा शाळेस देण्याची चाल आतां सर्वत्र पडली आहे. पहाडावरच्या शाळेंत शिक्षक असलेल्या भाच्याकडे अशी पेटी एस.टी.नें किंवा जीपनें पाठविली जाते. रस्त्यांत ती चांगलीच खडखडते. आणि दुसऱ्या दिवशीं दूरध्वनि येतो, 'मामा, पडदा लागत नाहीं हो!' त्या वेळीं मामाला जर चार गोष्टी क्रमानें विचारतां आल्या, तर पेटीला पुन्हां पहाड उतरावा लागत नाहीं. नाहीं तर 'काखेंत कळसा आणि गांवाला वळसा' असा प्रकार होतो.

प्रथम ग्राफिक्स म्हणजे काय तें पाहणें इष्ट होईल. सामान्य मॉनिटरचा पडदा म्हणजे १९२० आडवे आणि १०८० उभे अशा बारीक ठिपक्यांचा पट असतो. हे एकंदर ठिपके झाले २०,७३,६००. त्यांपैकीं प्रत्येकाचा रंग सेकंदास बहुधा ६० वेळां नव्यानें सांगावा लागतो. म्हणजे दर सेकंदास १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा हिशेब पडद्याकडे पोहोंचला पाहिजे. हें काम करणाऱ्या साधनाला ग्राफिक्सचें साधन म्हणतात. तें दोन प्रकारचें असतें. एक, प्रोसेसरच्याच पोटांत बसविलेलें. बाजारांत त्याला 'इंटिग्रेटेड' किंवा 'ऑनबोर्ड' म्हणतात. येथें त्यास अंगचें ग्राफिक्स म्हणूं. दुसरें, मदरबोर्डवरील लांब स्लॉटमध्यें बसणारें स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःचें कोठार नसतें. एकत्र कुटुंबांतील सुनेप्रमाणें तें समाईक कोठारांतून, म्हणजे संगणकाच्या रॅममधून, लागेल तेवढें घेतें. कार्ड हें वेगळी चूल मांडलेल्या भावासारखें. त्याची स्मृति स्वतःची, पंखा स्वतःचा, आणि पुष्कळदां विजेची तारहि निराळी.

हीं दोन्हीं एका पेटींत आलीं कशीं, याचा इतिहास मनोरंजक आहे. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला, तेव्हां पडद्यासाठीं वेगळें कार्ड घ्यावेंच लागे. एका कार्डावर अक्षरें सुबक दिसत, पण चित्र काढतां येत नसे. दुसऱ्यावर चित्र येई, पण तें जाडेंभरडें. व्हॅन सुवन्नुकुल या थायलंडच्या विद्यार्थ्याला आपल्या थाई लिपींत सुबक लिहावयाचें होतें. त्या गरजेंतून १९८२ सालीं हर्क्युलिस नांवाचें कार्ड निर्माण झालें आणि तें जगभर खपलें. आपल्याकडेहि असेंच घडलें. आय.आय.टी. कानपूर येथें सुरू झालेलें काम पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें हातीं घेतलें आणि 'जिस्ट' नांवाचें जोडकार्ड तयार केलें. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. हें कार्ड पेटींत बसविलें कीं, केवळ इंग्रजी अक्षरें जाणणाऱ्या त्या काळच्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटूं लागत. म्हणजे मराठी अक्षर संगणकाच्या पडद्यावर स्थिर होण्याच्या कामीं एका जोडकार्डाचा मोठा हात आहे.

पुढें १९९९ सालीं इंटेल कंपनीनें मदरबोर्डवरील चिपच्या संचांतच ग्राफिक्स घालून वेगळ्या कार्डाची गरज पुष्कळ कमी केली, आणि २०११ पासून तें प्रोसेसरच्या एकाच तुकड्यांत सामावलें. तेव्हांपासून ज्या घरगुती संगणकांत कार्ड बसवावें, त्यांपैकीं बहुतेकांत चित्र काढणारे दोघेजण झाले. स्वतंत्र ग्राफिक्सचें महत्त्व मात्र त्यामुळें कमी झालें नाहीं. पुण्याच्या सी-डॅकमध्यें २०२० सालीं उभा राहिलेला 'परम सिद्धि' हा महासंगणक ग्राफिक्सच्याच जातीच्या चिपांवर चालतो.

आतां प्रत्यक्ष बिघाडाकडे वळूं. पहिला प्रश्न पडद्याविषयींच विचारावा. मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशीं अक्षरें उमटत असतील तर मॉनिटर जिवंत आहे. त्याच्याकडे चित्र येत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. मॉनिटरला स्वतःलाहि दोन-तीन तोंडें असतात, आणि केबल एकांत असतांना तो दुसऱ्याकडे कान लावून बसलेला असूं शकतो. त्याच्या बटणानें योग्य तोंड निवडलें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. जुन्या मॉनिटरला जर फक्त निळें व्ही.जी.ए. तोंड असेल तर आणखी एक अडचण येते. अलीकडच्या कार्डांतून त्या जुन्या पद्धतीचा संकेत मुळींच निघत नाहीं. तेथें नुसता आकार जुळविणारा जोड उपयोगीं पडत नाहीं. संकेताचें रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो.

दुसरा प्रश्न केबलचा. उभ्या पेटीची मागील बाजू पाहिली असतां वरच्या भागांत कीबोर्डचीं, यू.एस.बी.चीं, नेटचीं व आवाजाचीं तोंडें एका उभ्या चौकटींत दिसतात. त्यांच्या सोबतीला असलेलें एच.डी.एम.आय. किंवा डिस्प्ले पोर्ट हें मदरबोर्डचें, म्हणजे अंगच्या ग्राफिक्सचें होय. त्याच्या बरेंच खालीं एक आडवी पट्टी असते, तींत फक्त पडद्याचींच तोंडें असतात, तें कार्ड. संगणक सुरू होतांना चित्र कोणीं काढावें याचा निर्णय मदरबोर्ड करतो, आणि कार्ड सांपडलें तर बहुतेक मदरबोर्ड काम कार्डाला देऊन अंगच्या ग्राफिक्सला रजा देतात. अशा वेळीं केबल वरच्या तोंडांत असेल तर 'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' अशी स्थिति होते. कार्ड चित्र काढीत असतें, पण तें पाहणारें कोणी नसतें. पेटी एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेली, साऱ्या केबली काढून पुन्हां जोडल्या, कीं ही चूक हटकून होते. म्हणून नियम असा : कार्ड असेल तर मॉनिटर कार्डालाच जोडावा.

हीच चूक कधीं कधीं अधिक फसव्या रूपानें येते. कांहीं मदरबोर्ड दोन्हीं साधनें जागीं ठेवतात. मग वरच्या तोंडांतूनहि चित्र व्यवस्थित येतें, दाखले निघतात, पत्रें लिहिलीं जातात. परंतु नकाशाचें किंवा चलच्चित्राचें जड काम आलें कीं यंत्र रखडतें. घरचे म्हणतात, 'एवढे पैसे घालून कार्ड घेतलें तें वायां गेलें.' कार्ड बिचारें एक तर रिकामें बसलेलें असतें, नाहीं तर आपलें चित्र अंगच्या ग्राफिक्सच्या हातीं देऊन त्याच्या दारानें बाहेर पाठवीत असतें. केबल खालीं आणली म्हणजे हा आरोप बहुधा मिटतो.

केबल योग्य तोंडांत असूनहि अंधार असेल, तर पेटी उघडण्याची वेळ आली. आधीं विजेची तार भिंतींतून काढावी, सुरू करण्याचें बटण एकदां दाबून उरलीसुरली वीज निघून जाऊं द्यावी, आणि पेटीच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. प्रवासांत सर्वांत अधिक हाल होतात ते ग्राफिक्स कार्डाचे, कारण तें जड असतें आणि एका कडेवर लोंबकळत असतें. घाटांतल्या धक्क्यांनीं तें स्लॉटमधून केंसभर उचललें गेलें तरी पुरे. मागचा स्क्रू काढून, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून तें बाहेर काढावें. सोनेरी कडेवरील धूळ स्वच्छ करावी. आणि खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत सरळ दाबून परत बसवावें. लांबच्या प्रवासाला पेटी पाठवितांना कार्ड काढून निराळें गुंडाळून दिलें, तर हा प्रसंगच येत नाहीं.

याच वेळीं विजेचीहि तपासणी करावी. स्लॉटमधून कार्डाला जास्तींत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाच्या माथ्यावर वेगळें तोंड असतें. सहा टोकांच्या तारेनें आणखी ७५ आणि आठ टोकांच्या तारेनें १५० वॅट मिळतात. ही तार लावावयाची राहिली तर कार्डाचा पंखा कदाचित् फिरेल, पण चित्र येणार नाहीं. प्रोसेसरला वीज देणारी तारहि आठ टोकांची असते आणि दिसावयास जवळजवळ तशीच; ती कार्डांत कोंबण्याचा प्रयत्न केव्हांहि करूं नये. जी तार हलक्या हातानें बसत नाहीं ती त्या जागेची नव्हे, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर दुहेरी व्यवस्थेचा खरा लाभ घ्यावा. एका साधनाची परीक्षा दुसऱ्यानें करतां येते, हें भाग्य एकेरी यंत्राला नसतें. कार्ड समूळ काढून ठेवावें, केबल वरच्या तोंडांत लावावी आणि संगणक सुरू करावा. चित्र आलें तर प्रोसेसर, रॅम व मदरबोर्ड शाबूत आहेत. दोष कार्डाचा, त्याच्या विजेचा किंवा व्यवस्थेचा. चित्र आलें नाहीं तर कार्डावर खापर फोडण्यापूर्वीं रॅमकडे पाहावें. मात्र या परीक्षेला एक अपवाद आहे. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नांवाच्या शेवटीं 'एफ' अक्षर असतें, त्यांत अंगचें ग्राफिक्स चालू नसतें. ए.एम.डी.च्या रायझन जातींत २०२२ पूर्वींच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकीं सामान्यतः 'जी' अक्षराच्या प्रोसेसरांतच तें असे. त्या वर्षीं आलेल्या ७००० मालिकेपासून बहुतेकांत आलें, पण तेथेंहि 'एफ' अक्षराचा अपवाद राहिलाच. अशा प्रोसेसरच्या मदरबोर्डवर एच.डी.एम.आय.चें तोंड असतें खरें, परंतु तें दार भिंतीवर रंगविलेल्या दारासारखें. त्यांतून कोणी बाहेर येत नाहीं. म्हणून जुना संगणक कोणाला देतांना प्रोसेसरचें पूर्ण नांव एका चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवावें.

कधीं बिघाड यंत्रांत नसून आज्ञेंत असतो. बायॉस म्हणून जी मुळाची व्यवस्था असते तींत 'प्रायमरी डिस्प्ले' किंवा तशाच नांवाचें एक कलम असतें. तें 'ऑटो' वर असलेलें बरें. कोणी तें अंगच्या ग्राफिक्सवर बांधून ठेविलें असेल, तर कार्ड असूनहि प्रारंभीचें चित्र तेथून येत नाहीं. दोन्हीं साधनें एकाच वेळीं हवीं असतील तर 'आय.जी.पी.यू. मल्टि-मॉनिटर' किंवा 'इंटिग्रेटेड ग्राफिक्स' हें कलम चालू करावें लागतें. कंपनीगणिक नांव बदलतें, अर्थ तोच. पडदाच काळा असल्यामुळें बायॉसमध्यें शिरतां येत नसेल, तर वीज तोडून मदरबोर्डवरील नाण्यासारखा गोल सेल कांहीं मिनिटें काढून ठेवावा; सर्व कलमें मूळपदावर येतात. त्यानंतर पहिल्या वेळीं नव्या संगणकाला जागें होण्यास कांहीं मिनिटें लागूं शकतात. तोंवर धीर धरावा, पुन्हां पुन्हां बटण दाबूं नये. आणखी एक सावधगिरी घ्यावी. डिस्क 'बिटलॉकर' च्या कुलुपांत असेल तर अशा फेरबदलानंतर विंडोज ४८ अंकी किल्ली मागूं शकते. ती किल्ली आधीं लिहून न ठेवितां सेल काढणें म्हणजे घर बाहेरून ओढून घेऊन किल्ली आंत विसरण्यासारखें आहे.

चित्र येतें, पण काम नीट होत नाहीं, ही दुसरी मोठी तक्रार. येथें ड्रायव्हरचा विचार येतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधील दुभाषी. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर' मध्यें 'डिस्प्ले अडॅप्टर्स' या मथळ्याखालीं दोन्हीं साधनांचीं नांवें दिसलीं पाहिजेत. तेथें 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असें नांव असेल तर योग्य दुभाषी आलेलाच नाहीं. पिवळें चिन्ह आणि '४३' हा अंक दिसला तर साधनानें बिघाड कळविल्यामुळें विंडोजनें तें थांबविलें आहे. तें ड्रायव्हरमुळेंहि होतें आणि कार्ड खरोखर बिघडल्यामुळेंहि. एका कंपनीचें कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचें बसविलें असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष भांडण लावतात. नेट तात्पुरतें तोडावें, 'सेफ मोड' मध्यें जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या साधनानें जुनें सारें पुसावें, मग इंटेल, ए.एम.डी. किंवा एन्व्हिडिया, ज्याचें साधन असेल त्याच कंपनीचा ड्रायव्हर घालावा. दोन साधनें असतील तर दोन ड्रायव्हर लागतात, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. फार जुन्या कार्डांना नवे ड्रायव्हर निघत नाहींत. त्यांच्यासाठीं कंपनीनें काढलेला शेवटचा ड्रायव्हर शोधून घालावा.

दोन्हीं ड्रायव्हर ठीक असले तरी कोणतें काम कोणीं करावें, याची वांटणी विंडोज आपल्या समजुतीनें करते, आणि ती चुकूं शकते. विंडोज १० च्या २०१८ मधील सुधारणेपासून 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' आणि 'ग्राफिक्स' अशा क्रमानें गेलें असतां प्रत्येक प्रोग्रॅमसाठीं 'पॉवर सेव्हिंग' किंवा 'हाय परफॉर्मन्स' निवडतां येतें. पहिलें सामान्यतः अंगचें, दुसरें कार्ड. निवड लागू झाली कीं नाहीं तें 'टास्क मॅनेजर' मध्यें, कोणाचा आलेख वर चढतो यावरून कळतें. अंगच्या ग्राफिक्सवरच काम भागवावयाचें असेल तर रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षां तितक्याच आकाराच्या दोन लहान पट्ट्या, मदरबोर्डच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या स्लॉटांत घालाव्या. समाईक कोठाराला दोन दारें झालीं म्हणजे धान्य लवकर निघतें.

पहाडावरच्या हवेचाहि विचार केला पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. खोलीच तापलेली असली म्हणजे कार्डाच्या पंख्यानें तरी काय करावें? चिप सुमारें ८० ते ९० अंशांपर्यंत तापली कीं बहुतेक कार्डें स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्याहून तापल्यास संगणक बंदहि पडतो. कापसाच्या हंगामांत बारीक तंतु आणि धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते; ती मऊ ब्रशानें झाडावी, झाडतांना पंखा बोटानें धरून ठेवावा. दुपारीं बंद पडणारा संगणक पहांटे सुरळीत चालत असेल, तर दोष उष्णतेचा समजावा. विजेचा दाब खालींवर होत असेल तर यू.पी.एस. ठेवावा, आणि पावसाळ्यांत गडगडाट सुरू होतांच तार भिंतींतून काढावी.

हे सर्व उपाय झाल्यावरहि कार्ड बसवितांच पडदा अंधारतो, किंवा विंडोज सुरू होण्यापूर्वींच पडद्यावर रंगीत चौकटी व रेघा उमटतात, आणि दुसऱ्या चांगल्या संगणकांतहि तोच प्रकार होतो, तेव्हांच कार्ड गेलें असें म्हणावें. पण तेव्हांहि काम थांबविण्याचें कारण नाहीं. कार्ड बाजूला ठेवून केबल वरच्या तोंडांत लावली कीं, अंगचें ग्राफिक्स असलेला संगणक दाखले काढणें, अर्ज भरणें, पत्र लिहिणें, शाळेचे धडे दाखविणें हीं सारीं कामें विनातक्रार करतो. त्यांसाठीं मोठ्या कार्डाची गरज मुळांतच नसते.

तात्पर्य, पडदा अंधारला म्हणजे क्रम असा राखावा : आधीं मॉनिटर, मग केबलचें तोंड, मग कार्डाची बैठक व वीज, मग कार्ड काढून परीक्षा, मग बायॉस, आणि सर्वांत शेवटीं ड्रायव्हर. फुकटचे उपाय आधीं, खर्चाचे नंतर. उलटतां येण्याजोगे आधीं, न उलटतां येणारे नंतर. शहरांतल्या ज्या घरांतून जुना संगणक पहाडावर जातो, त्या घरानें पेटीबरोबर प्रोसेसरचें व कार्डाचें नांव, कोणती केबल कोणत्या तोंडांत लावावयाची हें दाखविणारें एक छायाचित्र, आणि बिटलॉकर असेल तर त्याची किल्ली बंद पाकिटांत, एवढें धाडावें. त्या चिठ्ठीला वजन नाहीं, भाडें नाहीं. पण शेवटच्या तारखेच्या दिवशीं जिवतीच्या एखाद्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर जाणें पुष्कळदां तिच्यावरच अवलंबून राहील.